गोतावळा निघाला बर्फाच्या मुलखाला

आपल्या वस्त्यांमधली मुले आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. कुणी सिअॅटलला आहे, कुणी टोरांटोला, कुणी लंडनला. दोन-चार वर्षांनी त्यांचा फोन येतो, "सगळे या, बोटीने फिरू." घरात दोन दिवस आनंदीआनंद असतो आणि तिसऱ्या दिवशी कुरबुर सुरू होते. कोण जाणार, पैसे कोण भरणार, म्हातारीला थंडी सोसेल का, मधल्या सुनेला रजा मिळेल का. आमच्याही घरी हेच झाले. शेवटी आम्ही सतरा जण अलास्काच्या सात रात्रींच्या सफरीला जाऊन आलो. सर्वांत मोठी आई, वय ७४. सर्वांत धाकटा दादाचा नातू, वय ४. हिशेबाची वही माझ्याकडे होती, कारण घरात बी.कॉम. मी एकटाच. त्या वहीतून आणि वहीबाहेरच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

सुरुवात पैशापासूनच करतो, कारण माणसे पैशावरून फुटतात. पुतण्या सिअॅटलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, "काका, सगळ्यांचं मी भरतो." ऐकायला गोड वाटते. पण दादाने आयुष्यभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये घाम गाळलेला, त्याला स्वतःच्या मुलाच्या पैशावर फुकट फिरणे जमेना. भाऊजींना तर त्याहून जमेना, कारण जावयाचे नाते. मग आम्ही चार वर्षे घरातल्या घरात भिशी चालवली. ज्याची जशी ऐपत तशी रक्कम. मावशीने दरमहा ५०० रुपये भरले, आम्ही २००० भरले, ताईच्या लेकीने ५०००. कुणी किती भरले हे वहीत होते आणि वही फक्त मी पाहायची, असे ठरले. जे कमी पडले ते पुतण्याने घातले. मावशीचे चार वर्षांचे २४,००० रुपये विमानाच्या तिकिटालाही पुरत नव्हते, हे तिलाही ठाऊक होते. पण बोटीच्या जिन्यावर ती ताठ मानेने चढली. ज्यांच्या घरी असा बेत चालू आहे त्यांनी आधी हा प्रश्न सोडवावा, मग तिकिटे पाहावीत.

आता मार्गाविषयी. अलास्का हा अमेरिकेचा वायव्येकडचा मुलूख आहे. प्रवासी बोटींचा हंगाम साधारण एप्रिलअखेर सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. बोटी सिअॅटलहून किंवा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुटतात. आपल्याला सोयीचा महिना मे. शाळांना सुट्टी असते, तिकडे पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो आणि जून-जुलैच्या मानाने तिकीटही उतरलेले असते.

व्हिसाची एक मेख आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक जुना कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून निघून मध्ये कुठल्याही परदेशी बंदराला न लागता फक्त अमेरिकेतच प्रवासी फिरवायचे नाहीत, असा तो कायदा. आणि या मोठ्या बोटींची नोंदणी असते बहामाज, पनामा, बर्म्युडा अशा देशांत. म्हणून सिअॅटलहून सुटणारी बोट येताजाता कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला काही तास लागते. करोनामुळे कॅनडाने बंदरे बंद केली तेव्हा २०२१ साली अमेरिकेला तात्पुरता वेगळा कायदा करून ही अट सैल करावी लागली होती. आपल्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की भारतीय पासपोर्टवाल्यांना अमेरिकेचा पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा तर हवाच, शिवाय कॅनडाचाही हवा. बोटीतून उतरायचे नसले तरी हवा. तो नसेल तर बोटीवर चढतानाच अडवतात. सतरा माणसांचे कागद म्हणजे सतरा फायली. हे काम सहा-आठ महिने आधी हाती घ्यावे आणि एकाच माणसाने पाहावे.

थंडीचा बागुलबुवा मात्र फार करू नये. मे महिन्यात तिथे दिवसा साधारण बारा-पंधरा अंश तापमान असते, रात्री पाचच्या आसपास. नाशिककरांना डिसेंबरची पहाट आठवावी. खरा त्रास वाऱ्याचा आणि पावसाचा. हिमनदीजवळ बोट गेली की वारा हाडात शिरतो. एक जाड कोट घेण्यापेक्षा थरावर थर घालावेत. आत अंगाला चिकटणारे थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, सर्वांवर पाणी न शिरणारे जाकीट. कानटोपी, हातमोजे आणि मोज्यांचे जादा जोड हवेतच. आईने नऊवारीच्या आत थर्मल घातले आणि वर दादाच्या सुनेचे, म्हणजे आमच्या पुतण्याच्या बायकोचे, लाल जाकीट. फोटोत सर्वांत रुबाबदार तीच दिसते.

खोल्या घेताना बाल्कनी, समुद्र दिसणारी खिडकी आणि बिनखिडकीची आतली खोली असे प्रकार असतात. भावात मोठा फरक. आम्ही सहा खोल्या घेतल्या. फक्त आई आणि मावशीला बाल्कनी, बाकी सगळे आत. दिवसभर खोलीत बसतो कोण? मात्र खोल्या एकाच मजल्यावर, लिफ्टजवळ आणि बोटीच्या मधल्या भागात घ्याव्यात. मध्ये हेलकावे कमी लागतात. बेटांच्या आडोशाने जाणाऱ्या आतल्या मार्गावर समुद्र शांत असतो, पण सिअॅटलहून निघालेली बोट व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या प्रशांत महासागरातून जाते, तिथे हलते. उलटीच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सोबत घ्याव्यात. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी डॉलरमध्ये थेट खात्यावर चढते. विमा काढल्याशिवाय निघू नये. फोन विमानाच्या मोडवर टाकावा, नाहीतर बोटीच्या उपग्रहाच्या जोडणीचे बिल येते.

बोट सुटण्यापूर्वी सर्वांना धोक्याच्या वेळी कुठे जमायचे ते दाखवतात. काही पोरे याला कंटाळतात. आमच्या पोरांना मी 'रामदास' बोटीची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत आजही ती आठवण निघते. खोलीनुसार जमण्याची जागा ठरलेली असते. कुणाच्या खोलीला कोणती जागा आहे हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे, म्हणजे नातू एकीकडे आणि आजी दुसरीकडे असे होत नाही.

जेवणाचे सांगायलाच हवे. तिकिटात जेवण असते. दारू, थंड पेये, सहली, इंटरनेट यांचे पैसे वेगळे. रोख चालत नाही, सगळे खोलीच्या कार्डावर. पोरांच्या कार्डावर खरेदीला मर्यादा घालून घ्यावी, ते करता येते. आधी सांगितले तर शाकाहारी आणि भारतीय पद्धतीचे पदार्थही मिळतात. सतरा जणांना एक टेबल नसते, शेजारशेजारची दोन मिळाली. संध्याकाळी सगळे एका वेळी जेवायचे आणि दिवसा ज्याने त्याने आपले पाहायचे, असा नियम केला. एवढा मोठा गोतावळा चोवीस तास एकत्र ठेवायचा हट्ट धरला की चौथ्या दिवशी भांडण ठरलेले.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. वहिनीने लग्नानंतर पस्तीस वर्षांत सलग सात दिवस चूल पाहिली नाही असे पहिल्यांदाच घडले. पहिले दोन दिवस तिला काही सुचेना. वेटर ताटे उचलायला आला की ही ताटे एकावर एक रचून त्याच्या हातात द्यायची. तिसऱ्या दिवशी ती डेकवर खुर्ची टाकून, अंगावर घोंगडी घेऊन तीन तास नुसती समुद्राकडे बघत बसली. दादा दोनदा चहा हवा का विचारून गेला. त्यानेच आणून दिला. घरी त्याने कधी कप विसळलेला मी पाहिलेला नाही.

आणि आई. आई एकतीस वर्षे नगरपालिकेत सफाई कामगार होती. खोली साफ करणारा मुलगा यायच्या आधीच ती पलंगपोस घडी करून ठेवायची, न्हाणीघर कोरडे करायची. तो मुलगा गोव्याचा, बार्देशकडचा निघाला. मराठी कळत होते. आईने त्याला पहिल्याच दिवशी विचारले, "जेवलास का रे?" तो हसला. मग रोज दोन मिनिटे थांबू लागला. त्याच्याकडे सोळा खोल्या, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. मुलगी झाली तेव्हा तो समुद्रावर होता, तिला त्याने फोनवर पाहिले होते.

चौथ्या दिवशी टेबलावर वाद झाला. या बोटींवर दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर सेवकवर्गाच्या बक्षिशीचे म्हणून आपोआप खात्यावर चढतात, पोरांचेही. सतरा माणसे गुणिले सात दिवस म्हणजे ११९. त्याला १६ ने गुणले तरी १९०४ डॉलर, २० ने गुणले तर २३८०. ताईचा जावई म्हणाला, "काउंटरवर जाऊन सांगितलं की ही रक्कम काढून टाकतात. पुष्कळ लोक काढतात." तो वाईट मुलगा नाही, त्याचे म्हणणे इतकेच की पगार देणे हे कंपनीचे काम आहे, प्रवाशांचे नाही. तत्त्व म्हणून ते मला पटते. बक्षीस आणि पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मजुराची मिळकत गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टांगून ठेवणे ही लबाडीच आहे. पण सफरीच्या चौथ्या दिवशी ती रक्कम काढली तर फटका कंपनीला बसत नाही, त्या गोव्याच्या पोराला बसतो. आई सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "दिवाळीला पोस्त मागायला मी दारोदार गेलेय. कुणी दार लावून घेतलं की कसं वाटतं ते मला विचारा." वाद तिथे संपला. रक्कम राहिली.

या कामगारांसाठी कायदा नाही असे नाही. २००६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सागरी कामगारांचा करार केला, तो ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. त्यात कामाच्या तासांची कमाल किंवा विश्रांतीची किमान मर्यादा घालायची असते. विश्रांतीची मर्यादा आहे २४ तासांत १० आणि आठवड्यात ७७. कारकुनाची खोड म्हणा, मी वजाबाकी केली. आठवड्याचे तास १६८, त्यातून ७७ गेले, उरले ९१. म्हणजे आठवड्याला ९१ तास राबवले तरी ते या मर्यादेत बसू शकते. आपल्याकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना त्यांनी १९४६ साली मांडलेल्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ९१ आणि ४८. पोरांना मी हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवले.

जुनो ही अलास्काची राजधानी. बाहेरच्या जगातून इथे यायला रस्ताच नाही, बोटीने या नाहीतर विमानाने. लोकवस्ती सुमारे ३२ हजार, आणि हंगामात एका दिवसात हजारो प्रवासी उतरतात. गावकऱ्यांना त्याचा जाच होऊ लागला, म्हणून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी असा ठराव झाला. तिथे भरती-ओहोटीचा फरक कित्येक मीटरचा असतो. ओहोटीच्या वेळी बोटीतून उतरायची फळी चांगलीच उभी होते. म्हाताऱ्यांना उतरवताना वेळ पाहून उतरवावे.

सगळे पर्यटक तिथून मेंडेनहॉल हिमनदी पाहायला जातात, आम्हीही गेलो. पण धक्क्याजवळच एका इमारतीच्या भिंतीवर एका बाईचे भले मोठे रंगीत चित्र आहे. २०२१ साली एका आदिवासी चित्रकर्तीने ते रंगवले. ही बाई म्हणजे एलिझाबेथ पेराट्रोविच, जन्म १९११, त्लिंगित या तिथल्या मूळ रहिवासी समाजाची. १९४१ साली नवरा-मुलांसह ती जुनोला राहायला आली, तर पसंत पडलेल्या वस्तीत घर भाड्याने मिळेना. जात विचारून घर नाकारणे आपल्याला नवे नाही, तिथे वंश विचारून नाकारत. खाणावळींवर, दुकानांवर पाट्या होत्या, मूळ रहिवाशांना प्रवेश नाही म्हणून. तिने आणि नवऱ्याने गव्हर्नरला पत्र लिहिले. नवरा मूळ रहिवाशांच्या बंधू संघटनेचा अध्यक्ष, ही भगिनी संघटनेची. १९४३ साली भेदभावविरोधी विधेयक आले आणि समसमान मते पडून कोसळले. १९४५ साली पुन्हा आले. सिनेटमध्ये एक सभासद उठून म्हणाला, की नुकतेच रानटीपणातून बाहेर पडलेले हे लोक पाच हजार वर्षांची संस्कृती असलेल्या आम्हा गोऱ्यांबरोबर बसू पाहतात! एलिझाबेथ उठली आणि म्हणाली, की नुकत्याच रानटीपणातून आलेल्या मला पाच हजार वर्षांच्या सुसंस्कृत गृहस्थांना त्यांच्याच संविधानातल्या हक्कांची आठवण करून द्यावी लागेल असे वाटले नव्हते. विधेयक ११ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाले आणि १६ फेब्रुवारी १९४५ रोजी गव्हर्नरने सही केली. सबंध अमेरिकेचा नागरी हक्क कायदा त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९६४ मध्ये आला. आज १६ फेब्रुवारी हा दिवस अलास्कात तिच्या नावाने पाळतात, आणि २०२० साली एक डॉलरच्या नाण्यावरही ती आली.

हे सगळे मी घरून वाचून गेलो होतो. भिंतीखाली उभे राहून आईला सांगितले. तळ्याचे पाणी प्यायला जिथे सत्याग्रह करावा लागला त्या समाजाच्या बाईला पाटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तिने विचारले, "शिकलेली होती का?" मी म्हटले, हो. "मग बरोबर," म्हणाली, आणि तिच्यासोबत फोटो काढायला लावला. बोटीवरच्या दुकानातल्या कुठल्याही माहितीपत्रकात मला ही भिंत दिसली नाही. आपल्या वाचकांपैकी कुणी गेलेच तर चुकवू नये.

स्कॅगवे आणि केचिकान थोडक्यात सांगतो. स्कॅगवेहून डोंगर चढणारी एक छोटी रेल्वे आहे, १८९८ साली सोन्याच्या शोधातल्या गर्दीच्या काळात काम सुरू करून १९०० साली पुरी केलेली. आपल्या माथेरानच्या गाडीची मोठी बहीण समजा. चालणे न झेपणाऱ्यांसाठी उत्तम, मात्र तिकीट महाग. दादा रेल्वेचा माणूस, त्याने डबे जोडायची कडी वाकून वाकून पाहिली. केचिकानला कोकणासारखा पाऊस पडतो आणि तिथले कोरीव लाकडी खांब पाहण्यासारखे आहेत. ते देव नव्हेत, घराण्यांचा आणि घटनांचा इतिहास आहे. गाईडने हे सांगितले नसते तर मावशीने हात जोडलेच होते.

ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी बोटी सोडतात. उद्यानाचे रक्षक छोट्या होडीने येऊन आपल्या बोटीवर चढतात आणि माहिती सांगतात. १७९४ साली इंग्रजांचे पथक तिथे आले तेव्हा ही खाडी नव्हतीच जवळजवळ, तोंडापर्यंत बर्फ भरलेला होता. १८७९ साली जॉन म्यूर हा निसर्गअभ्यासक आला तोवर बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागे हटला होता. त्याआधी हीच हिमनदी पुढे सरकत आली होती आणि तिने हूना त्लिंगित लोकांची गावे गिळली होती. लोक पळाले, खाडीपलीकडे जाऊन वसले. पुढे बर्फ मागे गेला, पण तोवर जमीन सरकारी झाली होती. १९२५ साली ती संरक्षित झाली आणि वाडवडिलांच्या जागी पक्ष्यांची अंडी गोळा करायलाही त्यांना बंदी आली. ती परवानगी देणारा कायदा व्हायला २०१४ साल उजाडले. २०१६ साली खाडीच्या काठावर त्यांचे कुलगृह पुन्हा उभे राहिले.

सगळे सतरा जण त्या दिवशी एकाच वेळी डेकवर होतो, सफरीत एवढ्यापुरतेच. निळसर बर्फाचा एक कडा सुटून पाण्यात पडला, आणि आवाज नंतर आला. चार वर्षांच्या नातवाने विचारले, "कुणी पाडलं?" त्याचे उत्तर द्यायला कुणी पुढे झाले नाही. आपलीही बोट त्याच पाण्यात धूर सोडत उभी होती.

शेवटी पालकांसाठी एक गोष्ट. परत आल्यापासून वस्तीतली तीन-चार मुले मला विचारून गेली, की काका, अशा बोटीवर नोकरी कशी लागते. लागते, आपल्या मुलांना लागायलाही हवी. पण भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना असावा लागतो, त्याला आर.पी.एस.एल. म्हणतात. त्याचा नंबर मागून घ्यावा आणि तो खरा आहे का ते तपासावे. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे त्या २००६ च्या करारानेच मना केले आहे. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला, सागरी नोंदीचे पुस्तक यांचा खर्च आपला, सुरक्षेच्या प्रशिक्षणाची फी संस्थेत पावती घेऊन भरायची. "दोन लाख द्या, पुढच्या महिन्यात जहाजावर" असे कुणी म्हणाले की तिथून उठावे. करार हातात येईल तेव्हा पगार, कामाचे तास आणि परतीचे तिकीट कोण देणार, ही तीन कलमे आधी वाचावीत. इंग्रजी अडत असेल तर रविवारी दहा ते एक मी आमच्या वाचनालयात असतो. येताना मूळ कागद आणावा, मोबाइलवरचा फोटो नको, त्यात खालची बारीक अक्षरे दिसत नाहीत.